झाड नसलेल्या गावात

शाळेत आलेल्या डॅनिश बाईंनी शिकवलं,
कुत्रा अंगावर आला की झाड व्हायचं.
हात फांद्यांसारखे खाली सोडलेले, बोटं मिटलेली,
नजर आपल्याच मुळांवर.
इवालु घरी आली, बूटही न काढता म्हणाली,
"आताता, झाड काय करतं?"

मी हॅलिबट साफ करत होतो.
झाड मी एकदाच पाहिलंय,
कोपनहेगनला, गुडघा कापला तेव्हा, इस्पितळाच्या खिडकीतून.
एकोणीस दिवस समोर होतं
आणि एकोणीस दिवस सारखं हलत होतं.

"झाड नको," म्हटलं, "दगड हो.
टेकडीवर वाट दाखवायला रचलेत ना, तसा.
वारा रोज त्यांना हुंगून जातो,
ते कधी त्याच्यापासून पळालेत?"

चल, दाखवतो.
घरामागे खडकावर माझे अकरा.
बर्फाकडे बघ, कुत्र्यांकडे नंतर.
प्रत्येकाभोवती एक गोल तुडवलेला,
पिवळट, मळका, हाडांच्या चुऱ्याचा.
तू वहीत काढतेस तसाच,
खिळा मध्ये, दोरा ताणलेला, टोकाला पेन्सिल.
गोल संपतो तिथे कुत्रा संपतो.
त्याच्या बाहेर तीन पावलं मोज.
तिथून तू सुरू होतेस.

ताजा बर्फ पडला की गोल दिसत नाही.
त्या दिवशी रस्त्याने जायचं, लांब पडलं तरी.
खिशात सुका मासा असेल तर त्याहून लांबून.
आणि धावायचं नाही. शाळेची घंटा झाली तरी नाही.
उशीर झाला तर मास्तर रागावतील,
रागावू देत, त्यांना दात कमी आहेत.

(हसली. बरं झालं. पुढचं हसण्यासारखं नाही.)

उभी आहेस तोवर तू माणूस.
पडलीस की त्यांच्या लेखी कोण,
ते मला सांगवत नाही.
पडलीसच तर गुडघे पोटाशी,
मुठी मानेमागे, तोंड बर्फात.
किंचाळायचं नाही. किंचाळतं ते सील.

पाविया उन्हाळ्यातही मफलर का बांधतो,
तू विचारलं होतंस. तेव्हा विषय बदलला मी.
पाच वर्षांचा होता. हातात माशाचा तुकडा.
मोठ्यांनी बंदूक काढली, तासाभरात सगळं मिटलं.
मफलरीखाली काय आहे ते तो दाखवत नाही,
पण दारू चढली की त्या कुत्र्याला
नावाने हाक मारतो.

दोष? साखळीला विचार.
हीच अकरा जणं फेब्रुवारीत मला
फुटत्या बर्फावरून घरी घेऊन आली,
मी काही न सांगता.
त्यांना मी जीव लावतो.
त्यांच्यात मी काठीशिवाय जात नाही.
दोन्ही एकाच तोंडाने सांगतोय, एकाच कानाने ऐक.

इतका वेळ ती ऐकत होती कुठे?
बघत होती माझ्या हाताकडे,
हातातल्या बाराव्या साखळीकडे.

तुलुगाक. कावळ्यासारखा काळा, म्हणून तिनेच ठेवलेलं नाव.
उन्हाळाभर तिच्या ॲनोरॅकच्या बाहीत झोपलेला,
तिच्या बुटांच्या नाड्या खाऊन वाढलेला.
पिल्लांना गाव मोकळं असतं, पण थोडेच महिने.
परवा त्याने पीटरसनांच्या बाळाचा हातमोजा ओढला.
हातमोजा नुसताच होता, बाळ आत नव्हतं,
पण मी ते बघितलं.

खिळा ठोकला. कडी लावली.
इवालु मागे सरली, मोजत. एक. दोन. तीन.
तो नेहमीसारखा तिच्याकडे झेपावला
आणि हवेतच थांबवला गेला.
उठला. पुन्हा धावला. पुन्हा.
स्वच्छ बर्फावर त्याच्या गोलाची
पहिली कड उमटली.

तिचे हात खाली. बोटं मिटलेली.
नजर बुटांवर, कुरतडलेल्या नाड्यांवर.
"त्याला सांग ना," हलक्या आवाजात म्हणाली, ओठही न हलवता,
"मी रुसले नाहीये, दगड झालेय."

मी सांगितलं. काय कळलं त्याला, देव जाणे.

मग तिने अर्धं पाऊल पुढे टाकलं.
मी खोकलो.
तिने ते मागे घेतलं.